दाव्याचा खर्च कोणाच्या माथी?

आमची कंपनी लहान. भोसरीत शीट मेटलचं काम, घरचेच दोन संचालक, हिशेब माझ्याकडे. एका मोठ्या ग्राहक कंपनीने माल उचलून बिलं थकवली तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, कोर्टातून येईल त्याहून जास्त वकिलावर जाईल." साध्या दिवाणी दाव्यापुरती ही भीती खोटी नाही. पण ३ लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचा व्यापारी वाद २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याखाली जातो. (२०१८ पर्यंत ही मर्यादा १ कोटी होती, म्हणजे आमच्यासारख्यांना दार बंदच.) तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ बदललेल्या रूपात लागतं. हरेल त्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, हा सर्वसाधारण नियम. तो बाजूला ठेवायचा तर न्यायाधीशांनी कारणं लेखी द्यायची.

हे ऐकून दिरांना भलताच जोर चढला. थकबाकीवर बाजारातली पत गेल्याची भरपाई म्हणून आणखी मोठा आकडा लावा, असा त्यांचा हट्ट. वकील मॅडमनी कायद्याचं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. त्या कलमाखाली एक उदाहरणच छापलंय: वादीची पैशांची मागणी मान्य झाली, पण सोबतची नुकसानभरपाईची मागणी निव्वळ त्रास देण्यासाठी होती असं ठरलं, तर जिंकलेल्या वादीवरही खर्च बसू शकतो. दिरांनी ते दोनदा वाचलं आणि चहा मागवला. भरपाईचा परिच्छेद मसुद्यातून गेला.

तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. समोरचे आलेच नाहीत, तसा अहवाल मिळाला. मॅडमनी मात्र त्यानंतर आणखी एक पत्र पाठवायला लावलं. व्याजातला काही भाग सोडायला आम्ही तयार आहोत, आणि पुढे खर्चाचा प्रश्न निघाला तर हे पत्र कोर्टाला दाखवू, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. कारण मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय. ते कोर्टात काढता येत नाही. आणि खर्च ठरवताना न्यायाधीश बघतात ते पक्षकारांचं वागणं: तडजोडीचा रास्त प्रस्ताव कोणी विनाकारण धुडकावला का, फालतू प्रतिदावा (वादीवरच उलटा दावा) लावून वेळ खाल्ला का, मागणी पूर्ण मान्य झाली की अर्धवट.

समोरच्यांनी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, उशिरा दिली, वर प्रतिदावा ठोकला: माल सदोष होता म्हणे. माल पोचवल्याच्या चलनांवर त्यांच्याच स्टोअरचे शिक्के होते, आणि रिजेक्शनची एकही नोट नव्हती. उलटतपासात त्यांचा परचेसवाला साक्षीदार त्या शिक्क्यांपाशीच अडकला.

खर्चाच्या यादीवर मी स्वतः बसले. कोर्ट फी, नोटिशीचा आणि टायपिंगचा खर्च, प्रमाणित नकला, साक्षीदाराचा भत्ता, वकिलांच्या फीच्या पावत्या आणि त्यांपुढे बँकेतली नोंद. मॅडमच्या कारकुनाला रोख दिलेल्या किरकोळ रकमा मी सोडून दिल्या. कागद नाही तर मागणार कशी? पूर्वी कोर्टं खर्चापोटी नाममात्र रक्कम टाकून मोकळी व्हायची. सालेम बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की खर्च प्रत्यक्षात झालेला आणि वाजवी असावा. खोट्या बचावाबद्दलच्या भरपाईला साध्या दाव्यात ३,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, वाणिज्यिक दाव्यात ती काढून टाकली आहे. आम्हाला ती भरपाई मिळाली नाही. बचाव दुबळा होता, खोटा ठरला नाही. मला विचाराल तर फरक फार नव्हता.

निकाल आमच्या बाजूने लागला, पण एका लॉटवरची दरातल्या फरकाची आमची मागणी फेटाळली गेली. म्हणून दाव्याचा खर्च पूर्ण न देता ठरावीक हिश्श्यात दिला. प्रतिदाव्याचा मात्र सगळा त्यांच्यावर, आणि खर्चाच्या रकमेवर हुकूमनाम्याच्या (निकालाच्या आदेशाच्या) तारखेपासून व्याज. खिशातून गेलेलं सगळं परत आलं नाही, पण दिरांच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त आलं.

मुद्दल आलं ते दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केल्यावर. खर्चाची रक्कम त्यामागोमाग आली, पण व्याज कापून. त्या व्याजाचं पत्र काल टाइप करून पाठवलं.