ऑगस्टची पानं

आमच्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ सरांचं प्रोफेसरपदाचं प्रकरण छाननीला आलं. समितीत रसायनशास्त्राचा मी एकटाच. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे किमान १० पेपर आणि ११० संशोधन गुण लागतात. विज्ञानात पेपरमागे ८ गुण, इम्पॅक्ट फॅक्टरचे (नियतकालिकातल्या पेपरांचे दाखले किती घेतले जातात, त्या आकड्याचे) वेगळे, सहलेखक असले की वाटणी. सरांची बेरीज निम्म्यावरही जाईना. बाकीच्यांच्या लेखी विषय तिथेच मिटला. मी सरांच्या प्रयोगाच्या वह्या मागवल्या.

सरांचा जन्म गेला तो झेडएसएम-५ या झिओलाइटमध्ये, म्हणजे उत्प्रेरक म्हणून वापरायच्या, बारीक छिद्रांच्या स्फटिकात. अल्कोहोलपासून इथिलबेंझीन करायची अल्बीन प्रक्रिया पुण्याच्या एनसीएलनं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं) झिओलाइटवरच उभी केली. आपल्या मराठवाड्यातही साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, तेव्हा इथल्या अल्कोहोलवर इथेच काम व्हावं, ही त्यांची धडपड. रिॲक्शन साधी धरली, अल्कोहोलपासून इथिलीन.

झेडएसएम-५ करायचं म्हणजे सिलिकेट, ॲल्युमिनियमचा क्षार आणि छिद्रांना आकार देणारं टेम्प्लेट यांचं जेल टेफ्लॉनच्या भांड्यात घालून, ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारं बंद पात्र) घट्ट आवळून, १७० अंशांच्या आसपास दोन-तीन दिवस तापवत ठेवायचं. आमच्याकडे तेवढ्यात लाइट जातेच. सरांच्या वहीत अशी नोंद आहे : ‘वीज ११.४० ते ३.१०. ओव्हन १२४ पर्यंत उतरला. बॅच वेगळी ठेवली.’ वेगळी ठेवली, फेकली नाही. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत) २६.६ अंशांवर क्वार्ट्झचं, म्हणजे नको असलेल्या स्फटिकाचं, शिखर दिसलं की त्याचा आलेखही तिथेच चिकटवलेला.

पण खरं काम पुढच्या वह्यांत आहे. वापरून कार्बन साचला की उत्प्रेरक काळा पडतो. ५५० अंशांवर हवा सोडून कार्बन जाळला की पुन्हा पांढरा होतो. पांढरा झाला म्हणजे पहिल्यासारखा झाला, असं नाही. एवढ्या उष्णतेत पाण्याची वाफ लागली तर सांगाड्यातलं ॲल्युमिनियम निखळतं आणि ज्या आम्लतेवर रिॲक्शन चालते तीच उतरते. हे पुस्तकात आहेच. सरांनी मात्र वर्षानुवर्षं प्रत्येक जाळणीनंतर उत्प्रेरकाच्या कामात आलेली घट तारखेसह लिहून ठेवली. एप्रिल-मेमधली घट किरकोळ, ऑगस्टमधली ठळक. कॉम्प्रेसर प्रयोगशाळेचीच हवा ओढतो, आणि पावसाळ्यात ती दमट. मग त्यांनी हवेच्या नळीत ओलावा शोषणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हचे मणी भरलेली नळी बसवली. हे मणीही झिओलाइटच. पुढच्या ऑगस्टला घट आली एप्रिलइतकीच.

त्यांनी हे पेपर म्हणून लिहून पाठवलं होतं. परीक्षकानं ‘नवीन काही नाही’ म्हणून परत केलं.

उलट त्याच बैठकीत दुसऱ्या एका फाइलीतले ‘उत्प्रेरक पाच वेळा वापरता येतो’ असे पेपर सरळ पास झाले. तक्ता ठरलेला, उत्पादन ९६, ९५, ९५, ९४, ९३ टक्के. रिॲक्शन पूर्ण होईपर्यंत थांबलं तर निम्मा मेलेला उत्प्रेरकही हेच आकडे देतो. घट पकडायची तर कच्च्या मालाचं रूपांतरण ३०-४० टक्क्यांवर असतानाच वेग मोजावा लागतो. सर तसंच मोजतात. असे तक्ते छापणाऱ्यांना हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. आपल्याकडची पेपरांची चढाओढ रसायनशास्त्राला पोखरते आहे, हे मी बैठकीत बोललो आणि इथेही लिहितो.

बाहेरून आलेले सदस्य शांतपणे म्हणाले, “वह्यांना गुण नाहीत, सर.” नियमानं ते बरोबर होते. ‘अपात्र’ या शेऱ्याखाली माझीही सही आहे. सोबत मी पानभर टिपण जोडलं. प्राचार्यांनी ते फाइलीला लावून घेतलं, पण गुणांच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

संध्याकाळी सरांकडे गेलो. म्हटलं, “ऑगस्टचे आकडे सगळे एकत्र करून दोघं मिळून पुन्हा पाठवू या.” ते म्हणाले, “एक बॅच बघायची राहिलीय. अजून दोन पावसाळे जाऊ द्या.”

त्यांच्या निवृत्तीला तेवढे पावसाळे उरलेले नाहीत.