एकाच पेपरला दोनदा बसणारी मुलं

परीक्षा चालू असताना मुलांनी एकमेकांशी बोलावं आणि पर्यवेक्षकानंच त्यांना बोलायला सांगावं, हे कॅनडात व्हँकुव्हरला येईपर्यंत मी कधी ऐकलंही नव्हतं. कॉपीमुक्त अभियान आणि भरारी पथकं बघत दहावी-बारावी झालेल्यांना हे पचायला जड जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मी पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या वर्गाला सहायक आहे. आमची परीक्षा दोन टप्प्यांत होते. आधी प्रत्येकानं एकट्यानं पेपर सोडवून द्यायचा. मग लगेच चौघाचौघांनी बसून जवळजवळ तोच पेपर पुन्हा सोडवायचा, गटाला उत्तरपत्रिका एकच. आमच्याकडे एकट्याच्या पेपरला 85 टक्के वजन, गटाच्या पेपरला 15. गटाचे गुण आपल्यापेक्षा कमी आले तर आपलेच धरतात, म्हणजे हुशार पोराचं नुकसान नाही.

परवाच्या पेपरात प्रश्न होता: चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती? एका गटात तिघांनी शून्य लिहिलेलं. वेगच शून्य, मग त्वरण कुठलं? चौथी मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, म्हणाली, "शून्य असतं तर चेंडू तिथंच लटकून राहिला नसता का?" तिघंही गप्प. मग एकानं खोडरबर वर फेकला, झेलला, पुन्हा फेकला. शून्य खोडून त्यांनी 9.8 लिहिलं आणि शेजारी खाली जाणारा बाण काढला. हा गैरसमज भल्याभल्यांचा बारावीनंतरही जात नाही. इथं तो दोन मिनिटांत गेला आणि बरोबरीच्या पोरीनं घालवला. नुकतंच एकट्यानं झगडून झालेलं असतं, प्रश्न डोक्यात ताजा असतो, म्हणून उत्तराची खरी ओढ त्याच घटकेला असते. आपल्याकडे नेमका तेव्हाच पेपर दप्तरात जातो.

2011 साली याच विद्यापीठातला एक प्रयोग 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात छापून आला, नोबेलविजेते कार्ल वीमन त्यात होते. एका वर्गाला अनुभवी प्राध्यापकानं आठवडाभर व्याख्यानं दिली. दुसऱ्या वर्गाला नवख्या शिक्षकांनी प्रश्न देऊन आपसात चर्चा करायला लावली. नंतरच्या चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी 41 टक्के आली, दुसऱ्याची 74.

तरीही इथलं कुणी "तुमच्याकडे सगळी घोकंपट्टीच ना?" म्हणालं की मी ऐकून घेत नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मुलांना फरशीवर, गटागटानं, हातात वस्तू देऊन शिकतं केलं. राज्यभरचे शिक्षक ते बघायला येत होते. फलटणला तर मूळच्या अमेरिकन मॅक्सीन बर्नसन येऊन राहिल्या आणि तिथं शाळा उभी केली. हे मी अभिमानानं सांगतो आणि सांगत राहणार.

मात्र हीच मुलं आठवी-नववीत गेली की गट मोडतो. माझ्या कॉलेजात ओहमच्या नियमाच्या प्रात्यक्षिकाला रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलं जायचं, कारण गुण जर्नलला होते, वायर जोडण्याला नव्हते. शिकवण्याची पद्धत कितीही बदला, परीक्षा एकट्याच्या पाठांतराचीच राहिली तर मुलं आणि पालक परीक्षेच्याच मागे जाणार. त्यात त्यांची चूक नाही.

"एवढं कळतंय तर परत ये की," असं घरचे म्हणतात. अजून दोन वर्षं मला इथंच शिकायचंय, आणि जे शिकतोय ते तिकडं पोचवणं हेही कामच आहे असं मी मानतो. कोरेगावजवळच्या एका हायस्कूलात माझा वर्गमित्र विज्ञान शिकवतो. त्याला मी इथले प्रश्न मराठीत करून पाठवतो. वीमन यांनी सुरू केलेली फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत, ती तो मोबाइलवर दाखवतो. बोर्डाचा पेपर त्याच्या हातात नाही, पण नववीची घटक चाचणी आहे. 20 गुणांत 17 एकट्याचे, 3 गटाचे, असा हिशेब आम्ही बसवलाय. मुख्याध्यापकांनी होकार दिलाय, फक्त पालकांना आधी बोलावून समजावून सांगा म्हणाले. येत्या शनिवारी ती सभा आहे.