खापर किती तापलं होतं? पुन्हा तापवून बघा

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे खापरीवर टिचकी मारली की ती खणकन वाजते. नीट भाजली आहे एवढं त्यावरून कळतं, पण किती अंशांवर हे कळत नाही. तो आकडा चुंबकीय मोजमापातून काढता येतो.

माती तापते तेव्हा तिच्यातल्या लोहाची खनिजं बदलतात. गोएथाइटचं हेमॅटाइट होतं, चिकणमातीतलं लोह सुटून मॅग्नेटाइट-मॅग्हेमाइट या जोरदार चुंबकीय खनिजांचे बारीक कण तयार होतात. हे एकदा झालं की त्याच तापमानापर्यंत पुन्हा तापवलं तरी फारसं काही बदलत नाही. जुनी मर्यादा ओलांडली की बदल पुन्हा सुरू होतो. आपल्याला शोधायचं ते हे वळण.

हिऱ्याच्या चकतीने, पाणी सोडत, साधारण 1 ग्रॅमचा तुकडा कापा. पोलादी करवत नको, तिचा कीस खापरीत अडकतो आणि मोजमाप फुगतं. तुकडा वाळवून वजन करा. मग ससेप्टिबिलिटी मोजा, म्हणजे हलक्या चुंबकीय क्षेत्रात तो किती चुंबकित होतो ते. प्रत्येक मोजणी तीनदा, आधी आणि नंतर रिकामी, म्हणजे तुकडा न ठेवता, मोजणी. 300 अंश सेल्सिअसपासून 500 पर्यंत 50-50 अंशांनी, पुढे 1000 पर्यंत 20-20 अंशांनी चढा. प्रत्येक टप्प्यावर एक तास भट्टीत, मग पूर्ण थंड करून मोजणी. आलेल्या आकड्याला भागायचं मात्र सुरुवातीच्याच वजनाने, कारण चुनखडी असलेल्या खापरीचं वजन 700 च्या पुढे घटतं. आलेख बराच वेळ सपाट जातो आणि एका जागी मोडतो. मोड सलग दोन-तीन टप्पे टिकला तरच खरा माना.

सगळ्यात जास्त फसवतो तो खापरीच्या आतला काळा गाभा. त्यातलं लोह धुरकट, कमी हवेच्या आचेत घडलेलं असतं. ते हवेत तापवलं की मॅग्नेटाइटचं ऑक्सिडीकरण होतं आणि आलेख मूळ तापमानाच्या कितीतरी आधीच मोडतो. म्हणून विदर्भातल्या महापाषाणयुगीन काळ्या-तांबड्या भांड्यांचा तांबडा आणि काळा भाग वेगळा कापा. काळा भाग आर्गॉन या निष्क्रिय वायूत तापवा, नाहीतर त्याचा आकडा देऊच नका.

दख्खनच्या खापरींत आणखी एक अडचण येते. मातीत बेसाल्टची वाळू असेल तर तिच्यातल्या टायटॅनोमॅग्नेटाइटचा (टायटॅनियम असलेल्या मॅग्नेटाइटचा) संकेत इतका जोरदार असतो की चिकणमातीतला बदल त्यात बुडून जातो. भिंगाखाली काळे चमकदार कण दिसले तर दुसरा तुकडा निवडा.

भट्टीचं दार आणि मागची भिंत यांच्या तापमानात बराच फरक पडू शकतो, म्हणून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, तुकड्याला लागूनच ठेवा. त्याच परिसरातल्या मातीच्या वड्या 600, 700 आणि 800 अंशांवर भाजून त्यांवर हीच पद्धत चालवून पाहा. वड्यांचा आकडा जुळत नसेल तर खापरीचाही मानू नका.

खापरीत गोठलेलं चुंबकत्व हा वेगळा मार्ग. ते तापमान वाढवत टप्प्याटप्प्याने पुसता येतं. मॅग्नेटाइटचं 580 अंशांपर्यंत पुसलं जातं, हेमॅटाइटचं 675 च्या आसपास, त्यामुळे त्याहून जास्त भाजणीबद्दल ते काही सांगत नाही. स्वयंपाकाच्या भांड्यासाठी मात्र फार उपयोगी. चुलीवर ते 350 अंशांपर्यंत तापून वेगळ्या स्थितीत थंड झालं असेल, तर पुसताना 350 च्या सुमारास चुंबकत्वाची दिशा वळते. 150-200 पर्यंतचं वळण सोडून द्या, ते जमिनीत पडून राहिल्याने येतं.

उघड्या आव्यात कमाल आच थोडाच वेळ टिकते, आपण तर तासभर तापवतो. म्हणून आपला आकडा खऱ्या कमाल तापमानापेक्षा कमी येऊ शकतो. नोंदवहीत नुसतं '740' लिहू नका. '720 ते 740, हवेत, 1 तास, तांबडा भाग' असं लिहा.