सालोमालो चोर, मग आठवले कोण?

एम.ए.ला चित्रपट अभ्यास शिकवते. नव्या बॅचचा पहिला प्रश्न ठरलेला, 'मॅडम, कॅमेरा कधी मिळणार?' कॅमेरा मिळत नाही. मिळते वही, चार रकाने आखलेली: शॉट, लांबी, कॅमेरा, आवाज. एकच प्रसंग थांबवत, मागे नेत ते रकाने भरायचे. थोड्याच वेळात निम्मा वर्ग जांभया द्यायला लागतो.

त्या दिवशी प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' (1936) लावला होता. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांचा, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 1937 साली नावाजलेला. पुण्यात प्रभातच्या ज्या आवारात तो घडला, तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. सुरुवातीला तुकाराम विठ्ठलासमोर बसून 'पांडुरंग ध्यानी' गातो. लगेच तोच अभंग तुकारामाचा हेवा करणारा ढोंगी सालोमालो आपला म्हणून खपवतो, नाटकी ताना मारत. तुलनेला इतका सोयीचा उतारा दुसरा नाही, म्हणून दरवर्षी हाच घेते.

मग 'आधी बीज एकले' लागलं. वर्गात सहसा तोंड न उघडणारी, घरात वारी असलेली एक मुलगी म्हणाली, 'थांबवा ना. यात 'तुका म्हणे' आलंच नाही.' पुन्हा लावलं. खरंच नाही. तिच्या 'आवाज'च्या रकान्यात तेवढीच नोंद होती. 'आमच्याकडे भजनात म्हणतात की!' एकजण उसळला. दुसऱ्याने मोबाइलवर गाथा उघडली. सापडणार कुठून? हे गाणं चित्रपटासाठी लिहिलेलं, गीतकार शांताराम आठवल्यांचं; चाल केशवराव भोळ्यांची. भल्याभल्यांनी ते गाथेत शोधलंय, असं मी सांगितल्यावर हशा पिकला.

ती हसली नाही. 'म्हणजे तुकोबांचं स्वतःच्या नावावर खपवलं तर सालोमालो चोर, आणि स्वतःचं तुकोबांच्या नावावर खपवलं तर सिनेमा थोर?'

जांभया गायब. तासाची वेळ संपली तरी कुणी उठेना. अखेर वादाचा निकाल वहीतूनच निघाला. अस्सल अभंग असो की आठवल्यांचं गाणं, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा चाल साधी आणि हातवारे जवळपास नाहीतच. सालोमालोच्या तोंडी शब्द अस्सल, पण ढंग रंगभूमीचा. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, हे हा चित्रपट प्रेक्षकाला गाण्याच्या ढंगावरून पटवतो. शब्द कुणाचे, हे विचारायची पाळीच येऊ देत नाही. माझ्या मते ही लबाडी नव्हे, कसब आहे. तिला ते अजिबात मान्य नाही.

लघुप्रबंधासाठी तिने हाच विषय घेतलाय. हे गाणं रोज हरिपाठानंतर म्हणणाऱ्या आजोबांना मात्र अजून सांगितलेलं नाही.