चार मिलिसेकंद

जुलै २०१९. पणजीत पाऊस नुसता कोसळत होता. पाट्टोच्या ऑफिसात बसून मी एका हॉटेलची वेबसाइट इतकी रखडत का उघडते ते शोधत होते. प्रत्येक फाइल यायला किती वेळ लागला हे ब्राउझर मोजून ठेवतो आणि ते आकडे पानावरच्या कोडलाही वाचता येतात. आम्हा वेब डेव्हलपरांचं त्यांच्यावाचून अडतं.

यादीत सात चित्रं अशी होती, जी पानावर कुठेच दिसत नव्हती. जाहिरातवाल्यांनी बसवलेला कोड ती दुसऱ्याच साइट्सवरून गुपचूप मागवायचा, लागलेला वेळ टिपायचा आणि आपल्या सर्व्हरला कळवायचा. काही हॉटेलं, एक कॅसिनो, एक वंध्यत्व उपचार केंद्र. त्या साइट्सनी बाकीचे तपशील झाकले, तरी एकूण वेळ मिळायचाच. चित्र आधी पाहिलेलं असेल तर ते ब्राउझरच्या साठ्यातून, म्हणजे कॅशेतून, चटकन येतं. नसेल तर वेळ लागतो. कोण कुठे जाऊन आलंय, ते तेव्हा एवढ्यावरून समजायचं. फेल्टन आणि श्नायडर या संशोधकांनी हा धोका २०००मध्येच दाखवून दिला होता.

माझ्याकडे सगळेच आकडे लहान येत होते, कारण सकाळपासून मी तेच पान उघडत होते. पहिलीच खेप खरी. शेजारच्या मैत्रिणीला हे सगळं समजावलं आणि म्हटलं, "तुझा लॅपटॉप दे गो जरा."

सहा आकडे दीडशेच्या पुढे. सातवा, उपचार केंद्राचा, ४.

ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. मी काही विचारलं नव्हतं, तिनं काही सांगितलं नव्हतं. मी लॅपटॉप मिटला. दोघीही बोललो नाही. माझ्या हातून झालेलं ते मला अजून खुपतं.

हॉटेलवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "पण नाव कुठे कळतं त्यात?"

"बुकिंगच्या फॉर्मवर नाव आणि फोन नंबर पाहुणेच लिहितात ना?"

थोड्या वेळानं उत्तर आलं, "काढून टाका."

सफारी ब्राउझरनं प्रत्येक साइटचा साठा वेगळा ठेवायला २०१३मध्येच सुरुवात केली होती. क्रोमनं ते ऑक्टोबर २०२०मध्ये, ८६व्या आवृत्तीपासून आणलं. वाचल्याबरोबर मी तिला फोन केला, "क्रोम अपडेट कर." का, ते तिनं विचारलं नाही.