मातीतल्या कर्बाचा हिशेब: कार्बन क्रेडिटसाठी नोंदणी करताना

सेलू तालुक्यातील आमचे रान भारी काळे असून त्यात कपाशी आणि सोयाबीन-तूर ही पिके असतात. देशाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे 14 टक्के असला, तरी त्यातील मोठा भाग जनावरांच्या रवंथातून आणि भातखाचरांतून निघणाऱ्या मिथेनचा आहे. आमच्याकडे भात नाही आणि गोठ्यात जनावरेही मोजकीच. त्यामुळे कार्बन क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या किंवा मातीत बांधलेल्या हरितगृह वायूंबद्दल मिळणारी आणि विकता येणारी प्रमाणपत्रे, देणाऱ्या प्रकल्पात नाव नोंदवताना युरिया कमी करणे, नांगरट टाळणे आणि पऱ्हाटी न जाळणे एवढेच आमच्या हाती होते.

सातबारा सामाईक असल्याने पुण्यातील भावाचे संमतिपत्र आणावे लागले. तो भाग विशेष सांगण्यासारखा नाही. खरी कसोटी मागील हंगामांचा हिशेब देताना लागली. युरियाची विक्री दुकानात आधार क्रमांक घेऊन ई-पॉस यंत्रावर होते, म्हणून 45 किलोच्या गोण्यांच्या पावत्या मिळाल्या. या नोंदी महत्त्वाच्या होत्या, कारण पावसाने रान चिबडले की युरियातील नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 270 पट तापदायक ठरतो. डिझेलची नोंद मात्र कुठेच नव्हती. ट्रॅक्टर भाड्याचा आणि दर एकरावर, तेव्हा किती लिटर जळले हे कोणी लिहून ठेवणार? शेवटी एकरी सरासरी धरण्यात आली. मला ते पटले नाही. कोरड्या ढेकळांच्या रानात आणि वाफशावर सारखेच डिझेल लागते, असे कोणताही ट्रॅक्टरवाला म्हणणार नाही.

मातीचे नमुने घ्यायला प्रकल्पाची मुले आली ती ऐन मे महिन्यात. प्रयोगशाळा कर्बाची टक्केवारी सांगते, पण टन काढायचे तर ठरावीक घनफळातील मातीचे वजनही लागते; त्यासाठी पोलादी कडे जमिनीत ठोकून अखंड माती काढावी लागते. भेगाळलेल्या रानात ते कडे आत जाईना, आणि गेले तर बाहेर निघताना माती भुगा होऊन गळे. वळवाचा पाऊस झाल्यावर पुन्हा या, असे मीच सुचवले आणि त्यांनी ते ऐकले. त्या मुलांनी मांडून दाखवलेले गणित असे: 30 सेंटिमीटर खोली आणि घनसेंटिमीटरला 1.3 ग्रॅम घनता धरल्यास हेक्टरी सुमारे 3,900 टन माती भरते. सेंद्रिय कर्ब 0.5 वरून 0.6 टक्क्यांवर नेला, तर 3.9 टन कर्ब, म्हणजे सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड मातीत बांधला जातो. एका टनाला एक क्रेडिट. ऐकायला गोड वाटते, पण आमच्या उन्हात एवढी वाढ व्हायला वर्षे लागतात.

प्रकल्पवाल्यांचा करारनामा इंग्रजीत होता. मराठी प्रत मिळाल्याशिवाय सही करणार नाही, असे मी सांगितले. ती आल्यावर दोन कलमांवर अडलो: मुदतीत नांगरट केल्यास काय, आणि पडताळणीचा, म्हणजे क्रेडिट देण्याआधी होणाऱ्या तपासणीचा, खर्च आधी वजा होऊन वाटा मिळणार की नंतर. विनानांगरट रानात हराळी माजली तर तणनाशकावर भागत नाही, म्हणून तेवढ्या पट्ट्यात खोल मशागतीची सवलत लिहून घेतली. खर्चाच्या कलमावर मात्र ते हलले नाहीत. आमचा वाटा खर्च वजा जाताच निघणार आहे. तरीही सही केली, कारण नांगरटीचे भाडे पहिल्याच हंगामात वाचणार होते आणि त्यासाठी कोणाच्या पडताळणीची वाट पाहायची नव्हती.