वाकून आत जावे लागणारे घर

आजचा दिवस इंडोनेशियातील मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, देमाक जिल्ह्यातील तिंबुलस्लोको या गावात गेला. सेमारांग शहरातून निघताना नारळ आणि भातखाचरे असे काहीसे चित्र मनात होते. प्रत्यक्षात घराघरांना जोडणारी फळ्यांची अरुंद वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना समुद्राचे पाणी एवढेच दिसले.

एका इबूंनी (वडीलधाऱ्या बाईंना इकडे असेच म्हणतात) घरात बोलावले, तेव्हा दारातून अक्षरशः कंबरेत वाकून आत जावे लागले. पाणी आत शिरू लागले की भिंती तशाच ठेवून भराव घालायचा किंवा फळ्या ठोकून जमीन तेवढी उंच करायची, असे इतक्या वेळा झाले आहे की खिडकी गुडघ्यापाशी आली आहे आणि छप्पर हाताला लागते. गावाला आपली दफनभूमीसुद्धा भराव टाकून उंच करावी लागली.

कोकणात ज्याला आपण उधाण म्हणतो, त्याला येथे 'रोब' म्हणतात. मात्र आपले उधाण ओसरते. येथे पूर्वी भात पिकत असे, पुढे खारफुटी तोडून मत्स्यतळी झाली, आणि सेमारांगच्या परिसरात भूजलाचा बेसुमार उपसा होत राहिल्याने जमीनच खचत गेली. त्यामुळे सगळा दोष समुद्राच्या वाढत्या पातळीवर टाकून मोकळे होणे मला तरी पटत नाही.

निघताना इबूंनी फळीवर वाळत घातलेली मासळी उलटली आणि भरती चढण्याआधी जा, म्हणून आम्हालाच घाई केली.